पणजीच्या तीन नोंदी: प्रकल्पाची रोजवही

६ जानेवारी २०२५

काम ठरलं. आजोबांच्या आईच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या, जन्म, लग्न आणि मृत्यू अशा तीन नोंदी मिळवायच्या. घरच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष ओळीने आहेत. त्यांच्या बायका जवळपास नाहीतच, आणि जिथे आहेत तिथे ‘पत्नी’ एवढंच. पणजीपुढे एक नाव आहे, पण ते कुणी आणि कधी लिहिलं ते कुणालाच सांगता येत नाही.

वहीत चार रकाने आखले: काय लिहिलंय, कुठे सापडलं, कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं. चौथा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सरकारी किंवा घरचा कुठलाही कागद आपल्या वंशावळीसाठी झालेला नसतो. कुणाला सारा वसूल करायचा होता, कुणाला साथीचे आकडे वर पाठवायचे होते, तर कुणाला श्राद्ध घालायचं होतं. बाई त्या कागदावर आली ती त्या कामापुरती.

नावं या वहीत लिहीत नाही. ती वेगळ्या कागदावर ठेवली आहेत.

९ जानेवारी

आत्याशी बोलणं. तिचं वय ऐंशीच्या पुढे, पण स्मरण लख्ख. बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित केलं. मधे मी कमी बोलले, तेच बरं झालं. ‘कोणत्या साली?’ असं विचारलं की माणसं अडखळतात. ‘तेव्हा घरात कोण कोण होतं?’ म्हटलं की सगळं ओळीने येतं.

आत्या माझ्या आजोबांना बापू म्हणते. म्हणाली, “अगं, बापूंची आई मानमोडीत गेली. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. बापू अंगावर पीत होते. मला हे आईनं सांगितलं, मी कुठं बघितलंय!” पणजीचं नाव विचारल्यावर वंशावळीतलंच सांगितलं आणि वर म्हणाली, “जमिनीच्या कागदावर तेच आहे की.”

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. मुंबई शहरात तिचा कहर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाला आणि तिथून ती खेड्यापाड्यांत पसरली. त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर होता आणि दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. शोधाची खिडकी तीन आठवड्यांवर आली, हे मोठंच काम झालं.

आणखी एक गोष्ट तिने सहज सांगितली: “पितृपंधरवड्यात आमच्याकडं नवमीला सवाष्ण जेवायला असायची, बापूंच्या आईची म्हणून.” अविधवा नवमी असते नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी. वहीत लिहून खाली रेघ मारली.

माहेरचं गाव तिला ठाऊक नाही. माहेरचं नावही नाही. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलत असल्यामुळे जन्माच्या नोंदवहीत सासरचं नाव शोधून काही उपयोग नाही, हे आधीच मान्य करून पुढे निघायचं.

२३ जानेवारी

गावच्या शाळेत. आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला. जनरल रजिस्टर जपलेलं आहे आणि मुख्याध्यापकबाईंनी ते आपुलकीने काढून दिलं. जन्मतारीख १ जून १९१५. अर्थात १ जून! मराठी घरांत निम्मी वडीलधारी मंडळी १ जूनची निघतात, कारण मूल दाखल करताना मास्तर अंदाजाने वय धरत आणि जूनची पहिली तारीख टाकून मोकळे होत. त्यामुळे या तारखेला वर्षापुरतीच किंमत, तीही एक वर्ष इकडे-तिकडे.

रजिस्टरमध्ये आईच्या नावाला रकानाच नाही.

१२ फेब्रुवारी

आता जमिनीचे कागद. आत्याने ज्याचा हवाला दिला तो कागद आधी बघायला हवा होता.

ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांच्यासाठी: सातबाऱ्यावर नुसतं नाव असतं, ते नाव तिथे कसं आलं याची गोष्ट फेरफारात असते, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. खातेदार मेला की वारसाची नोंद होते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ ला आला, त्यामुळे त्यापुढच्या पिढ्यांचे मृत्यू बऱ्याचदा इथे सापडतात. सातबाऱ्यावरच्या वर्तुळातला आकडा म्हणजे फेरफार क्रमांक. तो घेऊन एकेक नोंद मागे मागे जायचं. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आता स्कॅन झाले आहेत आणि ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

आमचा फेरफार १९२७ चा निघाला. पणजोबा मयत. वारस मुलगा एक, वय ११, अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेला. नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती, आणि तिथे विधवेचं नाव. वंशावळीतलं, आत्याने सांगितलेलं तेच नाव.

इथे गाडी थांबली. १९२७ मध्ये जी विधवा म्हणून हजर आहे ती १९१८ च्या मानमोडीत कशी मेली? आणि विधवेसाठी नवमीला सवाष्ण कोण घालेल?

उत्तर एकच असू शकतं: पणजोबांच्या बायका दोन. थोरली साथीत गेली, धाकटीने बापूंना वाढवलं आणि त्यांची जमीनही सांभाळली. धाकटीचं नाव महसुली कागदावर आलं म्हणून वंशावळीतही तेच चढलं. थोरली उरली ती फक्त नवमीच्या पानावर.

संध्याकाळी आत्याला फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, “सावत्र म्हणून कुणी उच्चार केला नाही कधी आमच्यात.” फोन ठेवल्यावर तिने लगेच परत केला, नवमीच्या सवाष्णीला काय वाढायचे ते सांगायला. ते वेगळं लिहून ठेवलं.

६ मार्च

मृत्यूनोंदीसाठी तहसीलदार कचेरीत अर्ज दिला. आज चौकशीत जे कळलं ते सविस्तर लिहून ठेवते, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात.

आजचं जन्म-मृत्यू प्रमाणपत्र १९६९ च्या कायद्याखाली मिळतं: गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. त्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणालाही शोध घ्यायला लावता येतो आणि उतारा मागता येतो. मात्र मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचं कारण देता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीत गेलात तर बहुतेक वेळा ‘आमच्याकडे नाही’ हेच ऐकाल, आणि ते खरंही असतं. जुन्या काळी खेड्यातली जन्म-मृत्यूची नोंद महसुली यंत्रणेकडे होती. गाव नमुना १४, बोलीभाषेत कोतवाल बुक. कोतवाल गावात कोण जन्मलं, कोण गेलं ते सांगायचा, लिहिता येणारा कुणीतरी ते लिहायचा आणि आकडे तालुक्याला जायचे. ही पुस्तकं जिथे उरली आहेत तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर त्यांतली पुष्कळशी बाहेर निघाली, काही स्कॅनही झाली. आपल्यासारख्यांचा त्यात आयताच फायदा.

अर्जात काय लिहावं: गावाचं नाव आणि त्या काळचा तालुका-जिल्हा; जन्म आणि मृत्यू दोन्ही भाग; सालांचा पट्टा, एक तारीख नव्हे; आणि ‘नोंद आढळत नसल्यास तसे लेखी कळवावे’. हे शेवटचं वाक्य विसरू नये. नुसतं तोंडी ‘नाही’ ऐकून परतलं की काय काय तपासलं गेलं ते कधीच कळत नाही.

आमचं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जुनं काही सापडत नसेल तर असे बदल आधी बघावेत. ज्यांची गावं संस्थानी मुलखात होती त्यांचं दप्तर आणखी वेगळं.

२५ मार्च

पुस्तक बघायला मिळालं. १९१५ ते १९१९ सलग आहे, कडा खाल्लेल्या, पण मजकूर शाबूत. लिखाण मोडीत. मी मोडीचा वर्ग केलेला आहे, तरी सरकारी घाईची मोडी वाचणं म्हणजे वैद्याची चिठ्ठी वाचण्यासारखं. आधी पानभर रेघ ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पण नोंदवहीत तेच तेच शब्द फिरून येतात, म्हणून पाच-सहा पानांनंतर डोळा बसतो. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आडनाव क्वचितच. एकाच नावाचे दोघे गावात असणार हे गृहीत धरून बापाचं नाव जुळल्याशिवाय काही मान्य करायचं नाही.

आधी जन्माचा भाग. ११ फेब्रुवारी १९१६, पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जात, आणि अपत्याच्या रकान्यात ‘मुलगा’. एवढंच. बाळाचं नाव नाही, आईचं नाही. आजोबा शाळेच्या तारखेपेक्षा आठ महिन्यांनी लहान निघाले. नाव नसणं ही त्या पुस्तकाची चूक नव्हे. आजही नाव न ठेवता जन्माची नोंद होते आणि नाव मागाहून भरता येतं. फरक इतकाच की तेव्हा मागाहून भरायला कुणी गेलं नाही.

मग मृत्यूचा भाग. १९१८ चा सप्टेंबर साधा, महिनाभरात मोजके लोक. ऑक्टोबरचं पान उलटलं आणि ओळी दाटत गेल्या. एकाच दिवशी चार, पाच. कारणाच्या रकान्यात सगळीकडे ‘ताप’. इन्फ्लुएन्झा शोधत बसलात तर एकही सापडणार नाही. वर आकडे पाठवायचे ठराविक गट होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, बाकीचे. मानमोडी ‘ताप’ मध्ये गेली. कुणाच्या घरात १९१८ च्या शेवटी ‘तापाने’ गेलेलं माणूस असेल तर त्याच महिन्यात गावात आणखी किती तापाने गेले ते बघावं.

२६ ऑक्टोबर १९१८. एक स्त्री, ‘कोम’ आणि पुढे पणजोबा, त्यांचे वडील. वय १९. ताप. तिचं नाव धाकटीचं नाही.

पहिली नोंद मिळाली. साक्षांकित नकलेसाठी अर्ज करून निघाले.

१७ एप्रिल

लग्न. इथे सरकारी कागदाची आशाच नाही. हिंदू लग्नांची नोंदणी त्या काळात होत नव्हती म्हटलं तरी चालेल. मुंबई राज्याचा विवाह नोंदणी कायदा १९५३ चा, महाराष्ट्राचा आत्ताचा कायदा १९९८ चा, आणि विवाहनोंदणी सक्तीची करा असं सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं ते २००६ मध्ये. वसईच्या माझ्या मैत्रिणीचा हेवा वाटतो. तिच्या चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन तिन्ही आहेत, आईबापांची नावं आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदारही. मुसलमान घरांनी काझींच्या दप्तरातले निकाहनामे शोधावेत. पारशांना तर १८६५ पासून विवाहाचा कायदाच होता. आमच्यासारख्यांनी लग्न शोधायचं ते घरातल्या ट्रंकेत.

आमच्या ट्रंकेत आहेराची वही निघाली. शके १८४१, वैशाख, म्हणजे १९१९ चा मे. थोरली जाऊन सात महिने झालेले आणि घरात तीन वर्षांचं पोर. हे लग्न धाकटीचं. थोरलीच्या लग्नाची वही नाही. असेल तर वाळवीने कधीच खाल्ली.

तरी ही वही मी ओळीने वाचली. आहेराची वही परतफेडीसाठी असते: कुणी काय दिलं, त्यांच्याकडे कार्य निघालं की आपण काय द्यायचं. त्यामुळे नाव, गाव आणि नातं या बाबतीत ती भलती काटेकोर. मधल्या एका पानावर ‘मेहुणे, थोरले घरचे’ असं लिहून एक नाव आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका गावाचं नाव, आणि पुढे खण व रोख रक्कम. मेलेल्या बहिणीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला भाऊ आला होता, आहेर घेऊन. भाच्यासाठी आला असणार.

थोरलीच्या लग्नाची तारीख यातून मिळत नाही. १९१६ च्या फेब्रुवारीत मूल झालं, म्हणजे लग्न १९१५ च्या उन्हाळ्यात किंवा त्याआधी. मुलगी लहान असली तर लग्नानंतर काही वर्षं माहेरीच राहायची, त्यामुळे खालची मर्यादा घालता येत नाही. वहीत ‘१९१५ किंवा आधी’ असं लिहिलं.

९ मे

हेळवी भेटले. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ सांगत येणारे. वडिलांच्या लहानपणी बैलावरून यायचे म्हणे, आता मोटारसायकलवर. घराण्याची शाखा न अडखळता म्हणून दाखवली, आमच्या कागदात नसलेला एक निपुत्रिक चुलतपणजोबाही दिला. बायका नाहीत. पुरुषांची ओळ तपासायला उत्तम, या प्रकल्पाला निरुपयोगी.

३ जून

त्र्यंबकेश्वर. आजोबा वडिलांच्या नावाने तीर्थश्राद्धाला इथे आले होते हे आत्याला आठवत होतं. तीर्थोपाध्यायांच्या घराण्यांत गावं आणि आडनावं वाटलेली असतात. मूळ गाव सांगितलं की दोन-तीन ठिकाणी विचारल्यावर योग्य घर सापडतं. आत्ताचं राहण्याचं शहर सांगून काही होत नाही. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने काढलेली आहे. पण इथे माणसासमोर बसून वही उघडणं केव्हाही चांगलं, कारण पान लावायचं कसं ते त्यांनाच ठाऊक.

शके १८८०, कार्तिक. आजोबांची सही. आणि खाली ते, ज्यासाठी मी इतके महिने महसुली कागद चाळत होते.

श्राद्धाचा संकल्प सोडताना नुसती बापाकडची नावं चालत नाहीत. आई, आजी, पणजी लागतात, आणि आईच्या माहेरचे तीन पुरुष: मातामह, त्याचा बाप, त्याचा आजा. सावत्र आईचाही वेगळा उच्चार असतो. त्यामुळे गुरुजींनी यजमानाला हे सगळं विचारलं आणि आमच्या पानावर उतरवून ठेवलं. ‘माता’ पुढे कोतवाल बुकातलं नाव. ‘सापत्न माता’ पुढे फेरफारातलं नाव. मातामहाचं नाव आणि त्याच्या बापाचं नाव. आणि मातामहाचं गाव म्हणून आहेराच्या वहीतलंच गाव.

म्हणजे आजोबांना सगळं माहीत होतं. घरी कधी बोलले नाहीत, पण जिथे नाव घेणं भाग होतं तिथे दोघींचंही घेतलं.

दोन वेगळ्या कामांसाठी, चाळीस वर्षांच्या अंतराने, वेगळ्या हातांनी लिहिलेल्या वह्या एकच गाव सांगतात. पुराव्यात याहून जास्त मी मागत नाही.

२४ जून

माहेरच्या गावासाठी त्या तालुक्यात अर्ज, १८९७ ते १९०१, जन्म आणि मृत्यू दोन्ही. ‘एवढं जुनं कशाला लागतं?’ हा प्रश्न इथेही आलाच. जातीच्या दाखल्यासाठी नाही म्हटल्यावर समोरचा माणूस चक्रावला, पण पुस्तकं कपाटात आहेत असं म्हणाला.

१८ जुलै

पुस्तकं आहेत, १९०० चं वगळून.

मातामहाच्या नावावर, बापाच्या नावासकट जुळणाऱ्या, दोन जन्मनोंदी: मार्च १८९८ आणि सप्टेंबर १८९९. दोन्हींत ‘मुलगी’. नाव नाही, असणारही नव्हतं. आता यांतली आपली कुठली?

इथे मृत्यूचा भाग कामाला आला, आणि म्हणूनच दोन्ही भाग मागवावेत म्हणते. नोव्हेंबर १८९८ मध्ये त्याच बापाची मुलगी, वय ८ महिने, कारण देवी. पहिली गळाली. उरली ती सप्टेंबर १८९९ ची. २६ ऑक्टोबर १९१८ ला ती १९ वर्षांची होते, आणि मृत्यूच्या नोंदीत १९ च लिहिलंय. खेड्यातल्या वयांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही, पण इथे आकडा बसतो. १९०० चं पुस्तक नसल्यामुळे आणखी एखादी बहीण निसटली असण्याची शक्यता उरतेच. वहीत ‘बहुधा’ लिहिलं आणि का तेही लिहिलं.

१८९९ च्या त्या सप्टेंबरात दख्खनेत पाऊस फसलेला होता. पुढच्या वर्षभर मुंबई इलाख्यात दुष्काळ. त्या दुष्काळातून तगलेली ही पोर.

५ ऑगस्ट

नकला आल्या. वंशावळीचं पान नव्याने केलं. पणजोबांच्या शेजारी आता दोन चौकटी आहेत, थोरली आणि धाकटी, आणि बापू थोरलीच्या खाली. थोरलीचं जन्मनाव: रिकामं, ‘नोंदीत नाही’ अशा शेऱ्यासह. जन्म: सप्टेंबर १८९९, बहुधा. लग्न: १९१५ किंवा आधी. मृत्यू: २६ ऑक्टोबर १९१८, पक्का. प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात कुठल्या कागदावरून घेतलं ते.

आत्याला पान पाठवलं. तिचं उत्तर: “धाकटीचं माहेर कुठलं मग?”

धाकटीच्या चौकटीत सध्या फक्त लग्नाचा महिना आहे. आत्या म्हणते ती आपल्या जन्माच्या आधी गेली, आणि आत्या १९४० ची. १९२७ च्या फेरफारात ती हयात आहे. म्हणजे कोतवाल बुक १९२७ ते १९४०, मृत्यूचा भाग. आहेराच्या वहीतलं वधूपक्षाचं पान पुन्हा वाचायचं आहे, तिथे दोन गावांची नावं दिसली होती. अर्ज लिहून ठेवला आहे, सोमवारी देते.